लख्ख घासलेली किटली

"आंटी, ही किटली तुम्ही कध्धीच धूत नाही? शी! मग आतून वास नाही का येत?"

मित्रमैत्रिणींनो, हा प्रश्न माझ्याबद्दल होता बरं का! पण तो काही सलोनीच्या डोक्यातून निघाला नव्हता. तिच्या मैत्रिणींनी, दीप्ती आणि सिनाने, तिच्याशी पैज लावली होती. "विचारलंस तर कोपऱ्यावरच्या दुकानातले चिप्स आमच्याकडून. नाही विचारलंस तर तू घाबरट!" आता सलोनीला कोणी घाबरट म्हणायचं म्हणजे झालंच. तिने भर वर्तुळात, सगळ्या बायकांसमोर, विचारून टाकलं.

त्या एका प्रश्नाने माझं आयुष्य पार बदललं. पण आधी माझी ओळख करून देते.

मी एक जुनी मातीची किटली आहे. विटकरी रंगाची, एका मुठीत मावणारी. दिसत नसेल, पण वयाने मी तुमच्या आईपेक्षा मोठी आहे. तैवान नावाच्या हिरव्यागार बेटावर यिंग्ग नावाचं कुंभारांचं गाव आहे, तिथल्या एका भट्टीत माझा जन्म झाला. भट्टीतून निघाले तेव्हा मी अगदी कोरी होते. अंगाला चकाकी नाही, पोटात कसला वास नाही. शू-हुई ही माझी पुढची मालकीण; तिच्या आईने मला उचललं, झाकण हळूच वाजवून कान लावला आणि घरी घेऊन गेली.

आमच्याकडे किटली नुसती वापरत नाहीत, वाढवतात. हो, लेकरू वाढवतात ना, तशी! रोज ऊलाँग चहा करायचा, थोडा माझ्या अंगावर ओतायचा आणि मऊ फडक्याने चोळायचं. साबणाचं तर नावही काढायचं नाही. माझी माती चहा पिते. वर्षानुवर्षं प्यायली की अंगावर तुकतुकी चढते, आणि मग एक दिवस चमत्कार होतो. पत्ती न घालता नुसतं उकळतं पाणी ओतलं, तरी त्या पाण्याला चहाचा वास येतो! मला हे पहिल्यांदा जमलं त्या सकाळी शू-हुईची आई अनवाणी धावत जाऊन शेजारणींना बोलावून आली होती. काय थाट होता तेव्हा माझा!

आई वारल्यावर शू-हुई न्यूझीलंडला आली, मला लाल फुलांच्या कापडात गुंडाळून. विमानतळावर तपासणी करणाऱ्या साहेबाने मला उलटंपालटं केलं. इथे परदेशातलं साधं पानही आत येऊ देत नाहीत. शू-हुईचा चेहरा पांढराफटक! आता हा मला धुवायला लावतो की काय? साहेबाने आत नाक खुपसलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "आत काहीच नाही. पण वास काय सुंदर आहे!" आणि मी सुटले.

आम्ही क्राइस्टचर्च शहराच्या हॉर्नबी भागात राहायला लागलो. मग २०११चा फेब्रुवारी आला आणि जमीन हलली. मी फळीवरून उडाले ती थेट धुण्याच्या टोपलीत पडले, म्हणून वाचले. झाकणाचा टवका तेवढा उडाला. वीज नाही, पाणी नाही, सगळ्या शेजारणी घराबाहेर येऊन बसल्या होत्या. शू-हुईने कॅम्पिंगच्या शेगडीवर बाटलीतलं पाणी उकळलं आणि मला पुढे केलं. बायका चहा प्यायल्या, पण बोलेना कोणीच. शब्दच नव्हते ना कुणाजवळ!

तेव्हा शू-हुईला लहानपण आठवलं. तिच्या शाळेत मुलं ब्रश पाण्यात बुडवून दगडावर अक्षरं गिरवायची. वाळली की गेली, पुन्हा गिरवा. छपरावरून पडलेली एक काळी दगडी पाटी तिने उचलली, माझ्यातला शेवटचा चहा वाटीत ओतला आणि शेजारणीच्या हातात ब्रश दिला. "लिही. कोणी वाचणार नाही. वाळलं की गेलं."

शेजारणीने लिहिलं. अक्षरं ओली चकाकली, कडेकडेने आकसत गेली आणि नाहीशी झाली. आणि त्या बाईने, काय सांगू तुम्हाला, दुपारपासून अडकलेला श्वास सोडला.

तेव्हापासून दर वसंतात शू-हुई लिटल रिव्हर गावाच्या वरच्या डोंगरात एक लाकडी घर भाड्याने घेते आणि बायका तिथे येतात. नर्स येतात, गाईंच्या फार्मवरच्या येतात, नवरा गेलेल्या येतात, मूल गेलेल्याही येतात. वर्तुळ करून गप्प बसायचं, चहा प्यायचा आणि शेवटच्या चहाने पाटीवर लिहायचं. लिहिलेलं मोठ्याने वाचायचं की वाळू द्यायचं, ते जिचं तिने ठरवायचं. किती जणींचं दुःख माझ्या तोटीतून पाटीवर उतरलं असेल! मला तर वाटायचं, मी किटली नसून देवघरच आहे.

आता वळू या सलोनीकडे. २०१८चा वसंत. शाळेच्या सेवा-उपक्रमासाठी या तिघी मैत्रिणी मदतीला आल्या होत्या, आणि सलोनीने आपल्या आईला, सुलभाताईंना, जवळजवळ ओढतच आणलं होतं. त्याला कारण होतं. भूकंपाच्या दिवशी सुलभाताई शहरातल्या एका ऑफिसात होत्या. त्या सुखरूप घरी आल्या. पण तेव्हापासून त्या बूट उशाशी ठेवून झोपायच्या, लिफ्टमध्ये पाऊल टाकायच्या नाहीत आणि त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोलायच्या नाहीत. सलोनी दीप्तीला म्हणाली होती, "आई घरात असते गं, पण असल्यासारखी नसते. मला ती परत हवीये." हे ती अर्थात इंग्रजीत म्हणाली होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून इंग्रजीच यायचं.

सुलभाताई मात्र वर्तुळात बसेचनात. "मला नाही बाई लिहायला येत. तुम्ही लिहा, मी भांडी बघते," म्हणून सरळ स्वयंपाकघरात!

आणि तेवढ्यात सलोनीने तो प्रश्न विचारला. उघड्या दारातून सुलभाताईंना तो स्वच्छ ऐकू गेला. शरमेने त्यांचे कान तापले. त्याच क्षणी खालच्या रस्त्याने ओंडक्यांनी भरलेला ट्रक गेला आणि फळीवरचे कप किणकिणले. सुलभाताई हातातलं टाकून व्हरांड्यात धावल्या आणि खांबाला घट्ट धरून उभ्या राहिल्या.

त्यामुळे शू-हुईचं उत्तर त्यांनी ऐकलंच नाही. शू-हुई हसली होती. तिने माझ्यात नुसतं गरम पाणी ओतलं आणि सलोनीच्या नाकाखाली कप धरला.

"ओह माय गॉड," सलोनी कुजबुजली. "यात पत्ती नाही? खरंच?"

"ही माझ्या आईची सकाळ आहे," शू-हुई म्हणाली. "ती गेली, पण तिचा चहा अजून हिच्यात आहे."

सिना तर चिप्स विसरली!

मग सगळ्या ओढ्याकडे फिरायला गेल्या. सुलभाताई आत आल्या तेव्हा टेबलावर मी एकटीच होते. त्यांचे हात अजून थरथरत होते, आणि हात थरथरायला लागले की त्या भांडी घासायच्या. घरची कढईसुद्धा आरशासारखी होती त्यांची! त्यांनी मला उचललं, आत पाहिलं. काळंकुट्ट! "अगं बाई, पोरगी बोलली ते खोटं नाही. बिचारीला वेळच मिळत नसणार." लिंबाच्या वासाचा साबण, तारेची घासणी, वर खायचा सोडा. मित्रमैत्रिणींनो, मी ओरडले, पण किटलीचा आवाज कोणाला ऐकू जातो? शू-हुईच्या आईच्या सगळ्या सकाळी तपकिरी फेसातून नळाखाली वाहून गेल्या.

बायका परतल्या तर मी खिडकीत लख्ख, कोरी, भट्टीतून निघाले होते तश्शी!

"बघा, कशी निघाली!" सुलभाताई कौतुकाने म्हणाल्या.

शू-हुईने मला हातात घेतलं, वास घेतला आणि मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. दीप्तीने सुलभाताईंना हळूच मराठीत सगळं सांगितलं. सुलभाताईंचा चेहरा राखेसारखा झाला.

"सॉरी. मला माहीत नव्हतं. सॉरी हो," त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मग सलोनीकडे वळून म्हणाल्या, "बॅग आण. आपण निघू या. मी कुठे यायच्याच लायकीची नाही."

सलोनी बॅगेकडे गेली नाही. ती आईच्या हातांकडे बघत होती. साबणाने पांढरे पडलेले, अजून थरथरणारे हात. ट्रक गेला की भांडी. धक्का बसला की भांडी. एवढी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि तिला दिसलंच नव्हतं! तिने दुसरा प्रश्न विचारला. हा विचारायला तिच्याशी कोणी पैज लावली नव्हती, आणि हा तिने मराठीत विचारला.

"आई, त्या दिवशी काय झालं तुला?"

लेकीच्या तोंडचं मराठी ऐकून सुलभाताई जागच्या जागी थबकल्या. त्यांचा हात पुन्हा घासणीकडे गेला.

तेव्हा शू-हुई उठली. डोळे पुसले, माझ्यात ताजी पत्ती घातली, पाणी ओतलं. चहा कसला, लिंबू-साबणाचं पाणी! पण तोच तिने वाटीत ओतला, पाटी पुढे सरकवली आणि ब्रश सुलभाताईंच्या हातात दिला. त्या खाली बसल्या. लिहायला लागल्या. देवनागरी अक्षरं ओळीमागून ओळ चकाकत उतरत होती. सलोनीला वाचता येत नव्हतं. वरची ओळ वाळायला लागली तशी ती रडवेली होऊन म्हणाली, "आई, जातंय ते! वाच ना. मला वाचून दाखव."

सुलभाताईंनी वाचलं. "जिन्यात अंधार होता. खालच्या पायऱ्याच उरल्या नव्हत्या. मला वाटलं, संपलं. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात सलोनीला म्हटलं, जाते गं. मग कोणीतरी माझा हात धरून ओढलं. मी घरी आले. पण ते 'जाते' मला परत घेता आलं नाही."

सलोनी आईच्या कुशीत शिरली. मग मान वर करून तिने सगळ्यांना आईचं लिहिलेलं इंग्रजीत सांगितलं आणि समजावलं. "आमच्यात घरातून निघताना 'जाते' कोणी म्हणत नाही. 'येते' म्हणतात. म्हणजे, मी परत येणार आहे. चुकून 'जाते' म्हटलं तर माझी पुण्याची आजी केवढी ओरडते!"

बाहेर एक बेलबर्ड पक्षी घंटीसारखा वाजत होता.

"मग एक शब्द लिहायचा राहिलाय," शू-हुई म्हणाली.

सुलभाताईंनी ब्रश उचलला. हात इतका थरथरला की चहाचा थेंब पाटीवर पडून तसाच वाळला. "आज नाही हो, ताई," त्या म्हणाल्या.

"नको आज." शू-हुईने मला लाल फुलांच्या कापडात गुंडाळलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. "हिला पुन्हा वाढवायचं आहे. तू वाढव. नुसत्या पाण्याला वास आला की घेऊन ये. तो शब्द त्या पाण्याने लिही."

अशी मी हॉर्नबीतच, पण एका मराठी घरात आले. तुमची भाषा तिथेच शिकले! सुलभाताई रोज ऊलाँग करायच्या, सलोनी मला फडक्याने चोळायची आणि मागच्या पायरीवर चहाने बाराखडी गिरवायची. तिचे बाबा, रमणराव, आल्याच्या दुधाळ चहाचे भक्त. पहिल्या दिवशी कप नाकाशी नेऊन म्हणाले, "सुलभा, हा चहा आहे की चहाची आठवण?" त्या दिवशी सुलभाताई इतक्या हसल्या की सलोनीने दारातून डोकावून पाहिलं.

मित्रमैत्रिणींनो, म्हातारीची एक विनंती ऐकाल? काळवंडलेलं जुनं भांडं दिसलं, किंवा घरातलं गप्प गप्प माणूस दिसलं, तर लगेच घासायला धावू नका. आधी विचारा. आणि उत्तर येईपर्यंत तिथेच थांबा.

परवाची, २०१९च्या वसंतातली गोष्ट. शनिवारची सकाळ. सलोनीने नेहमीसारखं मला ऊन करायला गरम पाणी ओतलं आणि पत्तीचा डबा शोधायला वळली. वळली ती तशीच थांबली. परत आली. नाक जवळ आणलं. कप भरला, पुन्हा वास घेतला. अगदी पुसट होता, पण होता!

बाहेरून एक मोठा ट्रक गेला. कप किणकिणले. सुलभाताईंनी माझ्या झाकणावर तळहात ठेवला आणि खुर्चीत बसून राहिल्या. सिंकमध्ये रात्रीची भांडी तशीच पडली होती.

सलोनीने रबरी चपला आपटत सगळ्या स्वयंपाकघराला एक चक्कर मारली आणि टेबलापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आई, बाबा, माझं ठरलंय. सिनाकडचा स्लीपओव्हर कॅन्सल. आज डोंगरात आंटींचं वर्तुळ आहे. आपण तिघं जातोय, किटली परत द्यायला. बाबा, तुम्ही गाडी चालवायची आणि कुरकुर न करता चहाची आठवण प्यायची. आणि आई, राहिलेला शब्द तू लिहायचास. हात थरथरला तर मी धरीन. मला आता 'ये' आणि 'ते' दोन्ही काढता येतात."