जोडीचा सराव

विशाखा मॅडमनी फळ्यावरचा ‘अ‍ॅम’ पुन्हा एकदा खसाखसा पुसला.

“काका, नुसतं ‘आय अ‍ॅग्री’. मध्ये काही घालायचं नाही.”

“घातल्याबिगर लंगडं वाटतंय,” फकिरा म्हणाले.

उस्मानपुऱ्यातल्या त्या इंग्रजीच्या क्लासात बाकी सगळी कॉलेजची पोरं आणि मागच्या बाकावर हे नवरा-बायको, एसटीतून निवृत्त झालेले फकिरा आणि लक्ष्मीबाई. त्यांच्या एकुलत्या लेकानं, शिवराजनं, मेलबर्नहून ‘आता कायमचे इकडंच या’ म्हटलं आणि यांनी त्याच दिवशी होकार कळवून टाकला. रविवारी हर्सूलच्या घराला गिऱ्हाईक येणार होतं. नातवंडांशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून हा इंग्रजीचा खटाटोप. लक्ष्मीबाईंचं मात्र कशात लक्ष नव्हतं. त्या चपलेत पाय घालत होत्या, काढत होत्या, पुन्हा घालत होत्या. होकार दिल्यापासून त्यांचा डोळ्याला डोळा लागत नव्हता आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

मॅडमनी जोड्या लावल्या. एकानं मत मांडायचं, दुसऱ्यानं होकार द्यायचा आणि लगेच कारणही सांगायचं. कारण नसलेला होकार त्यांच्या वर्गात चालत नसे.

पोरं क्रिकेट, मोबाइल, चहा की कॉफी असं काहीबाही बोलत होती. लक्ष्मीबाईंची पाळी आली. त्या उठल्या, पदर सारखा केला. वाक्य तोंडातून कसं निघालं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

“वी शुड नॉट गो.”

पोरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. फकिरांच्या हातातलं पेन मात्र गडगडत बाकाखाली गेलं. ते उचलायला वाकले नाहीत.

“आय अ‍ॅग्री,” ते म्हणाले.

“व्हेरी गुड, काका! बिकॉज?”

फकिरांनी इंग्रजी शोधलं. सापडलं नाही.

“मलाबी जायचं नाय म्हणून.”

वर्ग हसला. लक्ष्मीबाई मटकन खाली बसल्या.

“मंग इतके दिस व्हय व्हय कशाला करत होता?”

“तुझा जीव पोरात अडकलेला. वाटलं, तुला जायचंय.”

“आन् मला वाटलं तुमाला!”

मनावरचा धोंडा उतरला, पण जिवाची तगमग काही थांबली नाही. आता शिवराजला कोण सांगणार? पोरगं रडेल, चिडेल. क्लास सुटल्यावर फकिरांनी सरळ हात वर केले, तेव्हा लक्ष्मीबाईंनीच पायरीवर उभं राहून फोन लावला.

“शिवराज, आमी येत नाय, बाबा. राग नको धरू. तुझ्या वडलांचं...”

“नका येऊ मग, आई.” त्यानं वाक्य पुरंही होऊ दिलं नाही. “बरोबर आहे तुमचं. इथं करमलंच नसतं तुम्हाला. मी हिला तेच म्हणत होतो.”

मग तो हवापाण्याचं बोलला, गोळ्या वेळेवर घ्या म्हणाला. कितीतरी दिवसांनी इतकं मोकळं बोलला.

“काय म्हणला?” फकिरांनी विचारलं.

“पटलं त्याला.”

“लगेच?”

“लगेच.”

“चला, सुटलो!” म्हणत फकिरा रिक्षा बघायला रस्त्याकडे गेले. लक्ष्मीबाई फोन हातात धरून पायरीवर बसल्या. ‘या ना गं आई’ असं एकदा तरी म्हणला असता, तर काय बिघडलं असतं त्याचं?