शून्य कप्पे

अधिकताईंचा बाणाच होता, डेटाबेसमधल्या टेबलाकडे बघायचं तर पूर्ण बघायचं. आज्ञेच्या शेवटी अधिकचं चिन्ह लावलं की डेटाबेस सगळं सविस्तर दाखवतो. नुसत्या आज्ञेला त्रोटक उत्तर. म्हणून रक्तपेढीत त्या अधिकताई. शेजारच्या खुर्चीतला त्यांचा धाकटा दीर मात्र तेवढं चिन्ह लावायचाही कंटाळा करी.

आज रक्तदात्यांचं नवं टेबल सुरू झालं आणि पहिल्याच नोंदीला गाडं अडलं. 'नोंद नाकारली.' पुन्हा तेच! बाहेर दुर्मिळ गटाचा दाता बाही सारून बसलेला, वर शस्त्रक्रिया त्याच्या पिशवीसाठी खोळंबलेली. आणि नोंदीशिवाय सुई लावायची नाही.

"वहिनी, रक्तगटांप्रमाणे टेबलाचे कप्पे पाडलेत ना?"

"काल जातानाच कप्पे पाडायची स्क्रिप्ट लावून गेले, भाऊजी. आता अधिक लावूनही पाहिलं. कप्प्यांची काही तक्रार नाही. दोष तुम्ही बनवलेल्या नोंदणीच्या फॉर्मचा."

"माझ्या फॉर्मला नावं ठेवू नका हं!"

परिचारिकेनं दारातून डोकं घातलं. "अहो, तो उठायला लागलाय! त्याला कामावर जायचंय!"

"बसवून ठेवा, देवासारखा आलाय तो!" ताई ओरडल्या.

दिरानं घाईघाईत आज्ञा ठोकली, अर्थातच अधिकाशिवाय. आणि खुर्चीतून उडालाच.

"वहिनी! शेवटची ओळ वाचा! 'कप्पे: शून्य'!"

"थापा! माझ्या सविस्तर उत्तरात नाही ते तुमच्या त्रोटकात कुठून आलं?"

पडद्यावर दोन्ही उत्तरांच्या खिडक्या शेजारी ठेवल्या. आता गंमत बघा. त्रोटक आज्ञा नुसते कप्पे मोजते, म्हणून तिनं शून्य सांगून टाकलं. सविस्तर आज्ञा एकेकाचं नाव लिहिते. नावच नाही म्हटल्यावर ती गप्प बसली. आणि कप्प्यांचं टेबल प्रथमच करणाऱ्या ताईंनी तिच्या मौनाला होकार मानलं! कालची स्क्रिप्ट सुरुवातीलाच बंद पडली होती; कप्पाच नाही, तर नोंद ठेवायची कुठे?

ताईंची बोटं कळफलकावर नाचू लागली. एकेका रक्तगटाचा कप्पा तयार झाला.

"टाका नोंद!"

"झाली!" परिचारिका धावलीच.

तपासण्या उरकताच लाल पिशवी लिफ्टमधून वर गेली. ताईंनी डोळे मिटून हात जोडले. मग सवयीनं टेबल पुन्हा तपासायला बसल्या.

"वहिनी, अधिक राहिलं!"

"राहू दे हो," त्या हसल्या, "आज उणंच पावलं."