रोजच्या बोटातलं वेढणं

मित्रांनो, मी एक जुनं वेढणं आहे. हसू नका! आजकाल वेढणं म्हटलं की पोरं एकमेकांच्या तोंडाकडं बघतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी सोन्याची अंगठी आहे, पण मला ना खडा, ना मोती, ना नक्षी. सोन्याची एक गोल तार घ्यायची, बोटाभोवती अडीच वेढे गुंडाळायची, की झालो मी! मला कुठं जोड नाही. अंगठ्यानं दाबलं की मी आवळतो, जरा ओढलं की सैल होतो. बोट जाड असो की बारीक, माझं कुणाशी वाकडं नाही.

माझा जन्म जामखेडच्या पेठेत रंगनाथ सोनाराच्या दुकानात झाला. महायुद्धाचे दिवस होते. रॉकेल रेशनवर, साखर रेशनवर, पण लग्नं काही रेशनवर नव्हती! रंगनाथनं मला मुशीत घातलं, फुंकणीनं निखारा फुलवला आणि मी पातळ होऊन गरागरा फिरलो. भाजलं का, असं विचाराल. छे! जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखी मजा आली मला. मग माझी तार ओढली, वेढे दिले आणि मला लाल मखमलीच्या तबकात ठेवलं. आता कुणाच्या तरी बोटात जायचं, या आनंदात मला काही सुचेना.

तबकात माझ्या शेजारी एक खड्याची अंगठी होती. लालबुंद खडा, उंच कोंदण, भोवती पाकळ्या. गिऱ्हाईक आलं की तिचा तोरा बघावा! सगळे तिलाच उचलायचे आणि मला बोटानं बाजूला सारायचे. एकदा रंगनाथ बायकोला म्हणाला, "हे वेढणं या लगीनसराईत गेलं तर गेलं, नाहीतर आटवून कानातली फुलं करू." झालं! फुलं वाईट नसतात हो, पण मला बोटच हवं होतं.

आणि एका बाजाराच्या दिवशी दुकानापुढं बैलगाडी थांबली.

गाडीतून पहिल्यांदा उतरल्या आक्काबाई. नाकात ठसठशीत नथ, चालण्यात पाटलीणबाईंचा रुबाब. त्यांच्या मुलाचं, गोरक्षचं, लग्न ठरलं होतं आणि होणाऱ्या सुनेला सूनमुखाच्या वेळी घालायची अंगठी घ्यायला त्या आल्या होत्या. सूनमुख म्हणजे माहीत आहे ना? लग्न लागलं की सासू सुनेला शेजारी बसवते, आरशात तिचं तोंड बघते आणि सगळ्यांसमोर तिला दागिना घालते. मांडवातल्या साऱ्या बायका त्या दागिन्याकडं टक लावून असतात. म्हणून आक्काबाईंनी मापासाठी नवरी मुलीलाही बोलावून घेतलं होतं. तिचं नाव छबू. तिला आई नव्हती, म्हणून तिची मावशी साळूबाई बरोबर आली होती. गोरक्ष बाहेर बैलांपाशी थांबला होता, पण त्याचा सगळा जीव दुकानात होता. बैलाला पेंढी घालताना त्यानं ती बैलाच्या तोंडाऐवजी कानाशी धरली, यावरून ओळखा! शेवटी तो हळूच दुकानाच्या ओट्यावर, दाराआड येऊन टेकला.

आक्काबाईंनी तबकातून नेमकी खड्याची अंगठी उचलली. "हीच! मांडवात चार बायकांनी बोटं तोंडात घातली पायजेत."

मान खाली घालून छबूनं हळूच मला उचललं आणि बोटात सरकवलं. अहाहा! काय सांगू मित्रांनो! ते बोट मऊ नव्हतं. म्हशींच्या धारा काढून काढून सांध्यापाशी चांगलं जाड झालेलं बोट होतं. मी सांध्यावर जरासा फाकलो, पलीकडं गेलो आणि असा बसलो की जणू तिथंच जन्मलो होतो. तिनं मूठ मिटली, उघडली, भाकरी थापल्यासारखा हात फिरवला. मी टोचलो नाही, अडलो नाही. माझं मन ओरडत होतं, घे गं बाई, मलाच घे!

"मावशे," छबू कुजबुजली, "खड्याची घालून धार कशी काढू? म्हशीच्या सडाला वरखडा उठंल. पीठ तर समदं पाकळ्यांत भरंल. मग ती पेटीतच जाणार. आईची अंगठी अशीच पेटीत ऱ्हायली. सनाला घालीन, सनाला घालीन म्हनायची. तिच्या बोटात ती मी कधी बघितलीच न्हाई गं. मला बोटात ऱ्हानारी पायजे."

साळूबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी धीर करून म्हटलं, "विहीनबाई, पोरीला हे वेढनं बरं वाटतंय. रोजच्या कामाला..."

"वेढनं?" आक्काबाईंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी तारेचा खिळा आहे. "लोक काय म्हनतील? आक्काबाईनं सुनंला तार गुंडाळली! न्हाई जमायचं. कामाच्या वक्ताला काढून पेटीत ठेवायची. त्यात काय येवढं?"

छबूनं मला बोटातून काढलं. काढताना तिनं मला जरा जास्तच वेळ धरून ठेवलं, ते मला कळलं.

आता माप घ्यायचं होतं. रंगनाथनं हात पुढं केला, तशा आक्काबाई कडाडल्या, "थांबा! आमच्या होनाऱ्या सुनंचा हात परक्या पुरुषानं धरायचा न्हाई. आमच्यात रीत न्हाई." त्यांनी आपल्या पदराचा एक दोरा ओढला, छबूच्या बोटाच्या मुळाशी गुंडाळला, गाठ मारली आणि दात लावून तोडला. "घट बसवा. हळदीच्या हातातून घसरली तर अपशकुन व्हईल."

मित्रांनो, तुमच्या लक्षात आलं का? दोरा बोटाच्या मुळाशी गुंडाळला होता, सांध्यावरून नव्हे! मला ते दिसत होतं, पण वेढण्याचं ऐकतंय कोण? रंगनाथ तराजूत गुंतलेला. दोऱ्याच्या मापानं त्यानं अंगठी बसवून दिली, बोटात घालून बघायचं कुणालाच सुचलं नाही आणि गाडी निघून गेली. मी तबकात एकटा. खरं सांगतो, मला रडूच येत होतं, पण सोन्याला रडता कुठं येतं!

संध्याकाळी दुकानाची फळी लावायच्या वेळी धापा टाकत कोण यावं? गोरक्ष! गाडी वेशीबाहेर थांबवून, काहीतरी निमित्त सांगून तो उलट पळत आला होता. त्यानं दोन्ही कानांतल्या सोन्याच्या बाळ्या काढून रंगनाथपुढं ठेवल्या.

"ह्यांच्या बदली ते वेढनं द्या."

"अरे, तुझी आई..."

"आयेला सांगू नका. मी वट्यावरून समदं ऐकलंय. तिच्या आईची अंगठी पेटीत ऱ्हायली. हिची ऱ्हानार न्हाई."

त्यानं मला फेट्याच्या पदरात गाठीला बांधलं. आणि मी निघालो! अंधारात, बैलांच्या घुंगरांच्या तालावर, नवरदेवाच्या डोक्यावर बसून! आटवायला निघालेल्या वेढण्याचा केवढा हा मान! रस्ताभर मला वाटत होतं, आता लग्न झालं की घरी गेल्यावर तो मला गुपचूप छबूच्या हातात देईल. पण घडलं भलतंच.

लग्नाच्या दिवशी वैशाखाचं ऊन मी म्हणत होतं. वाजंत्री, अक्षता, पोरांचा गलका. मी नवरदेवाच्या फेट्यात, मुंडावळ्यांच्या आड, सगळं ऐकत होतो. अक्षता पडल्या आणि सूनमुखाची वेळ आली. आक्काबाईंनी आरशात सुनेचं तोंड बघितलं, तिला साखर भरवली आणि मोठ्या दिमाखात ती लाल खड्याची अंगठी वर धरली. बायकांनी खरंच बोटं तोंडात घातली.

अंगठी छबूच्या बोटात सरकली आणि सांध्यापाशी अडली!

आक्काबाईंनी जोर लावला. जाईना. गोल फिरवून बघितली. जाईना. उन्हानं आणि हिरव्या चुड्यानं हात आधीच सुजलेला. कुणी तेल आणलं, तेलानंही काही होईना. छबूनं ओठ दाताखाली दाबला होता. मागं कुजबुज सुरू झाली.

"अगं बया! अंगठी चढंना."

"लक्षन बरं न्हाई हो."

"सासूचं सोनं सुनंला सोसंना जनू."

आक्काबाईंचं तोंड पांढरंफटक पडलं. ज्या चार बायकांसाठी एवढा अट्टाहास केला, त्याच आता बोलत होत्या. आणि छबू? लग्नाच्या पहिल्या घटकेलाच तिच्या कपाळी अपशकुनाचा शिक्का बसायला आला होता.

तेवढ्यात माझ्याभोवतीची गाठ सुटली. गोरक्षनं फेट्याचा पदर खाली ओढला, मुंडावळ्या सरकल्या आणि त्याचे मोकळे कान सगळ्यांना दिसले. त्यानं मला आईच्या तळहातावर ठेवलं. "आये, हे बी सोन्याचंच हाय."

आक्काबाईंनी माझ्याकडं बघितलं, मग मुलाच्या कानांकडं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं. मला वाटलं, आता मला भिरकावून देणार! मी सगळे वेढे आवळून घेतले. पण त्यांची नजर छबूच्या लालेलाल झालेल्या बोटावर गेली आणि तिथंच थांबली. त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी मला सैल केलं, सांध्यावरून अलगद उतरवलं आणि दाबून बसवलं. मग पाठ ताठ करून बायकांकडं वळल्या.

"काय बघताय? आमच्यात सूनमुखाला वेढनंच घालत्यात! लक्षुमीनं बोटातच ऱ्हायचं, पेटीत न्हाई. आमची रीत हाय ही!"

अशी रीत त्या घरात कधीच नव्हती! आत्ता, या क्षणी, माझ्यासमोर जन्मली. पण आक्काबाईंनी ती अशा आवाजात सांगितली की लगेच एक म्हातारी मान डोलावून म्हणाली, "व्हय, लई जुनी रीत." छबूला हसू आवरेना. मांडवात पुन्हा वाजंत्री वाजू लागली आणि मी त्या जाड, तापलेल्या, लाडक्या बोटात बसून आनंदानं वेडा झालो.

पुढं काय सांगू? मी शेणात हात घातला, काठवटीत पीठ मळलं, विळ्याशेजारी ज्वारी कापली, पाळण्याची दोरी ओढली. म्हशीनं मला कधी लाथ मारली नाही. बाळंतपणात बोट सुजलं तेव्हा मी सैल झालो, दुष्काळात बारीक झालं तेव्हा आवळलो. खड्याची अंगठी मात्र पेटीत होती. दिवाळीला बाहेर यायची, दिवसभर मिरवायची आणि पुन्हा कापसात जायची. पूर्वी तिचा हेवा वाटायचा. आता तिची दया येऊ लागली.

स्वातंत्र्य मिळाल्याला एक-दोन वर्षं झाली असतील. एका दुपारी आक्काबाई धान्य पाखडता पाखडता थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "छबे, दे बरं जरा तुझं वेढनं." त्यांनी मला आपल्या सुरकुतलेल्या बोटात घातलं आणि हात उन्हात धरून बघत राहिल्या. "माजी बी अंगठी हुती गं. सासूबाईंनी पेटीत ठिवली. पुढं कवा मोडली, कळलं बी न्हाई."

पुढच्या बाजाराला छबू पेटीतली खड्याची अंगठी घेऊन रंगनाथकडं गेली. खडा काढला गेला, सोनं मुशीत फिरलं, तार झाली, वेढे पडले. घरी आल्यावर तिनं सासूचा हात धरला आणि सांध्यावरून अलगद ते नवं वेढणं घातलं.

"अगं, या वयात! लोक काय म्हनतील?" आक्काबाई म्हणाल्या.

"म्हनू द्या, आत्याबाई. आपली रीत हाय."

आक्काबाई हसता हसता रडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी काठवटीशी दोघी शेजारी बसल्या. एक पीठ मळत होती, दुसरी भाकरी थापत होती, आणि माझी जुनी शेजारीण पहिल्यांदाच पिठानं माखली होती. तिच्याइतकं खूश मी कुणालाच बघितलं नाही!

मित्रांनो, आता मी खूप झिजलोय. छबूबाईच्या नातसुनेच्या बोटात आहे. लोक म्हणतात, पूर्वीचं वजन राहिलं नाही याचं. नाहीच राहणार! ते या घरच्या भाकरीत गेलंय, दुधाच्या चरवीत गेलंय, पाळण्याच्या दोरीला लागलंय. तुमच्या घरीही कुणाची तरी अशी एखादी वस्तू कापसात गुंडाळून 'सणाला' म्हणून ठेवलेली असेल. आज घरी जाल तेव्हा ती पेटी उघडा आणि जिची आहे तिच्या हातात ती घाला. फक्त एक करा, माप सांध्यावरून घ्या!