मी कोण?

बेल वाजली की ती आतल्या खोलीत पळायची. चष्म्याच्या दुकानात ती मागच्या खोलीत काचा घासायची; गिऱ्हाइकांशी बोलणं पुढच्या माणसांचं काम. सगळे तिला ‘मागच्या ताई’च म्हणत. घरी दार उघडायचं काम आईचं. आई गेली, आणि घरात दार उघडणारं कोणी उरलं नाही. तिला स्वतःला धरून.

रविवारी सकाळी बेल वाजली. तिने दाराच्या भोकातून पाहिलं, तर समोरच्या घरात नव्याने राहायला आलेल्या काकू, केस नीट विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून उभ्या. आता यात वाघ-सिंह कुठे आला? पण मागच्या ताईंचा हात कडीकडे जाईना. काय बोलायचं? बसा म्हटलं आणि बसल्या तर? बसल्या आणि उठल्याच नाहीत तर? ती श्वास रोखून दाराला चिकटून राहिली. तेवढ्यात कुकरने सणसणीत शिट्टी मारली.

काकू जरा थांबल्या. “असू दे,” असं स्वतःशीच म्हणाल्या आणि हळूहळू परत गेल्या.

त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. दिवसभर त्या ‘असू दे’ने तिला खाल्लं. खरं सांगायचं तर तिला माणूस हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. फक्त ते बेल न वाजवता आत यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली. एकदा घरात शिरले की संपलंच, हे ती चांगलं ओळखून होती. म्हणून कुलूप न उघडता तिने सरळ काकूंची बेल दाबली.

“कोण?”

“मी.”

“मी कोण?”

पूर्वी ती दाराबाहेरून ‘मी’ म्हणायची आणि आई कडी काढायची. नुसत्या ‘मी’वर ओळखणारं आता जगात कोणी नव्हतं. डोळे भरून आले. पाय आपल्या दाराकडे वळलेसुद्धा.

“समोरची,” ती कशीबशी म्हणाली. “काल घरीच होते मी.”

“ठाऊक आहे गं,” आतून आवाज आला. “थांब हं. गुडघे धरलेत माझे, दारापर्यंत यायला वेळ लागतो.”

पळून जायला भरपूर वेळ होता. ती थांबली.