सासूबाईंच्या नावाचं समुद्रफूल

समुद्रसंशोधन संस्थेत त्यांना सगळे स्पंजसाहेब म्हणत आणि त्यांना ते मनापासून आवडे. खोल समुद्राच्या तळाशी, जिथे उजेड नावालाही पोचत नाही, तिथे काचेच्या बारीक धाग्यांनी विणल्यासारखे स्पंज उभे असतात. जहाजाने वर आणलेले असे स्पंज थेट साहेबांच्या टेबलावर येत. साहेब त्यांचे फोटो काढत, ते फोटो परिषदांमध्ये दाखवत आणि टाळ्या खिशात घालून घरी येत.

अडचण एकच होती. स्पंजांच्या अंगावर पिवळट गाठींसारखं काहीतरी चिकटलेलं असे. फोटोत ते फार वाईट दिसे. म्हणून साहेब आधी स्काल्पेलच्या धारदार पात्याने स्पंज खरवडून चकचकीत करत आणि खरवड बशीत झटकून देत.

त्या गाठी म्हणजे समुद्रफुलं होती, फुलांसारखे दिसणारे, घोळक्याने वस्ती करून राहणारे प्राणी. हे संस्थेत एकाच माणसाला ठाऊक होतं आणि ते माणूस म्हणजे साहेबांची बायको. पद त्यांच्या हाताखालचं, टेबल त्यांच्या खोलीबाहेरच्या बोळात.

"अहो, ती बशी धुवायला टाकू नका," एकदा ती म्हणाली.

"कचरा हवाय तुला? घे की. आपलाच आहे."

तिने तो कचरा अल्कोहोलच्या बरण्यांत भरला आणि पुढची कित्येक वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. साहेब येता-जाता पाहुण्यांना सांगत, "मिसेसचा छंद आहे. काहीजणी विणकाम करतात."

छंदातून निघाली एक नवी जात. जगात कोणीच न नोंदवलेली. परदेशी नियतकालिकाने निबंध स्वीकारल्याचं कळलं त्या संध्याकाळी साहेबांनी स्वतः चहा केला. लग्न झाल्यापासून हे प्रथमच घडत होतं, त्यामुळे ती सावध झाली.

"पहिलं नाव माझं टाकू या," कप पुढे सरकवत ते म्हणाले. "स्पंज माझेच ना शेवटी."

"फुलं स्पंजवर बसतात, निबंधावर नाही," ती म्हणाली.

साहेब दोन दिवस फुगून बसले. मग दुसऱ्या वाटेने आले. निबंधावर नाव नको तर नको, पण त्या जातीला आईचं नाव द्यायचं. आईचा वाढदिवस आहे, सगळं घर जमणार आहे, याहून मोठी भेट कुठली? तिने विचार केला. सासूबाईंच्या नावाला लॅटिन शेपूट लावायला तिचं काय जात होतं? शिवाय ती भांडून थकली होती. तिने होकार दिला आणि छपाईआधी निबंधात ते नाव घातलं.

वाढदिवसाला हॉलमध्ये समुद्रफुलाचा भला मोठा फोटो लावला होता. साहेबांनी भाषण केलं. अथांग अंधार, त्यात उमललेलं फूल, आईची माया, सगळं एका दमात. नातेवाइकांनी डोळे पुसले. सासूबाई खुर्चीत ताठ बसून फोटो निरखत होत्या. त्या आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापिका होत्या. समजल्याशिवाय मान हलवायची सवय नव्हती.

"सूनबाई, हे करतं काय दिवसभर?" त्यांनी विचारलं.

"बसून असतं, आई."

"कशावर?"

"स्पंजवर. वाहत्या पाण्यात उंच जागा मिळाली की अन्न आयतंच हाताशी येतं."

साहेबांनी घसा खाकरला. "आई, केक कापायचाय."

"थांब रे. याचं तोंड कुठलं?"

"मधलं ते," ती म्हणाली. विचारलंय तर सांगायला हवं. "एकच आहे. खायचं त्यातून, आणि नको ते बाहेर टाकायचंही त्यातूनच."

नणंद हसली आणि घाईने ग्लास तोंडाला लावला. मागून कोणीतरी काका म्हणाले, "नाव अगदी शोभून दिसतंय हो." पुढच्या दोन रांगांना ते स्पष्ट ऐकू आलं.

सासूबाई लेकाकडे वळल्या. "हे तू निवडलंस माझ्यासाठी?"

"आई, विज्ञानात तसा अर्थ नसतो..."

"तुला हे माहीत होतं की नव्हतं, तेवढं सांग."

साहेबांनी आयुष्यभर ज्या प्राण्याला खरवडून फेकलं होतं, त्याला तोंडं किती हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. तसं त्यांना भर हॉलमध्ये कबूल करावं लागलं. नाव बदलता येईल का, हेही त्यांनी तिथेच बायकोला हळूच विचारलं.

"छापून आलंय," ती म्हणाली. "आता ते कायमचं."

केक कापला गेला, पण साहेबांना त्याची चव लागली नसावी.

पुढच्या आठवड्यात सासूबाई काठी टेकत संस्थेत आल्या. लेकाच्या खोलीचं दार उघडं होतं, त्यावरून पुढे जाऊन त्या बोळात थांबल्या. "दाखव मला," सुनेला म्हणाल्या. तिने बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्या बराच वेळ वाकून पाहत राहिल्या.

"ही सगळी वेगवेगळी आहेत?"

"वरून वेगळी. खालून एकमेकांना जोडलेली असतात. एकाने खाल्लं की इतरांनाही पोचतं."

"मग आमच्या घरावर नाही गेलेलं," सासूबाई म्हणाल्या. डोळा काचेवरून न हलवता त्यांनी हाक मारली, "अरे ए, आत बसलायस ना? तुझी खुर्ची आण इकडे. मला अजून बघायचंय, आणि ही मघापासून उभी आहे."

साहेब खुर्ची घेऊन आले. खुर्ची एकच आणि बसायच्या दोघी होत्या, म्हणून मग दुसरी आणायला पुन्हा आत गेले.