आई असं करायची

केकचा पहिला तुकडा मावशीनं कापला, निळ्या बशीत ठेवला आणि ती बशी नेऊन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. हा तुकडा कुणी खायचा नसतो. बाहेर लख्ख सकाळ होती. पडदे ओढून खोली अंधारी केली होती. टेबलाशी उभी राहून खारू डोळ्यांत तेल घालून बघत होती, कुठं काही चुकतंय का.

"सरळ नाही. कडेला ठेव. आई कडेला ठेवायची."

मावशीनं बशी कडेला सरकवली.

दाराजवळच्या खुर्चीत आजी बसली होती, खारूच्या आईची आई. सकाळच्या गाडीनं आली होती आणि मांडीवरची पिशवी तिनं अजून खाली ठेवली नव्हती. लेक गेल्यापासून ती या घरात आलीच नव्हती. दर वाढदिवसाला फोन करायची आणि गुडघ्यांचं निमित्त सांगायची. या वर्षी मात्र न विचारताच येऊन उभी राहिली.

"आता डोळे मिटायचे," खारू म्हणाली. "हात धरायचे. आणि बोलायचं नाही."

"किती वेळ गं?" आजीनं विचारलं.

"आई येईपर्यंत."

आजीच्या मांडीवरची पिशवी घसरली. आतला डबा जमिनीवर आपटला, तरी तो उचलायला कुणी वाकलं नाही. नऊ मेणबत्त्या चुरचुरत होत्या. मावशीच्या एका हातात खारूचा हात होता, गरम आणि घामेजलेला. दुसऱ्या हातात आजीचा, थंड. दर वर्षी या घटकेला मावशीच्या मानेवर काटा यायचा. पडद्यामागं काही तरी हललंय, कुणी तरी आत येऊन आपल्या मागं उभं राहिलंय, असं वाटायचं. मग खारू हाताला हलकेच हिसका द्यायची.

"आली," म्हणायची, आणि फुंकर मारायची.

मावशी म्हणजे सख्खी मावशी नव्हे. खारूच्या वडिलांशी तिचं लग्न झालं तेव्हा पोर पाच वर्षांची होती, आणि तिच्या आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. 'आई' म्हणायला पोरीची जीभ वळेना, 'काकू' म्हटलं की मावशीला शेजारीण झाल्यासारखं वाटे. मधल्या मधे 'मावशी' ठरलं. पहिल्या वाढदिवसाला मावशीनं हौसेनं फुगे लावले, तर पोर दारातच थिजली. "असं नाही. आई असं करायची." मग एकेक करत सगळं बाहेर आलं. पडदे ओढायचे. पहिला तुकडा खिडकीत. डावा मोजा दिवसभर उलटा घालायचा. त्याच आठवड्याच्या रविवारी तळ्यावर जायचं, नावेत बसायचं. वडिलांना विचारावं तर ते जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने बाहेर. "असेल. मी घरी असायचो कुठं?" एवढंच म्हणाले, आणि या वर्षीही ते बाहेरच होते.

मावशी चष्म्याच्या दुकानात काम करायची. काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. केसाएवढा फरक राहिला तरी गिऱ्हाइकाचं डोकं चढतं, हे तिला ठाऊक होतं. तिनं या घरातले नियमही तसेच पाळले, एखादीनं व्रत धरावं तसे. मोडू दिले नाहीत आणि कारणही विचारलं नाही. "सासू नाही मला, पण सासुरवास आहे," असं दुकानातल्या बाईला ती हसत सांगे. हसण्यावारी नेलं तरी ते खरंच होतं. स्वयंपाकघरात भांडं जोरात आपटलं तर तिचे खांदे आपोआप आक्रसायचे. कपाट उघडताना ती क्षणभर थांबायची, आत कुणाची झोपमोड होईल म्हणून. घरात एकटी असताना एकदा तिच्या तोंडून चक्क गेलं होतं, "अहो, झालंच हं, आवरते." आणि तेही अहो-जाहो करून.

आणि आज त्या गेलेल्या बाईची आई परीक्षा घ्यायला येऊन बसली होती.

"सगळं नीट करतेस हो," केकचा घास गिळत आजी म्हणाली. तिच्या आवाजावरून पास की नापास, काहीच कळेना.

नशिबानं वाढदिवस रविवारीच आला होता. दुपारी तिघी बसनं तळ्यावर गेल्या. पोरांचा नुसता बाजार भरला होता. कुणी सायकली फिरवत होतं, कुणी बदकांना पाव टाकत होतं. एक बाप दोन जुळ्यांच्या मागं धावून धावून कडेला बसकण मारून बसला होता. खारूनं तिकिटांचे पैसे घेतले आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली. बाकावर आजी आणि मावशी राहिल्या.

"हे सगळं तिला कुणी शिकवलं?" आजीनं पाण्याकडं बघत विचारलं.

"तिला आठवतं. मी फक्त करते. काही चुकत असेल तर सांगा, आजी. तुमच्या मुलीच्या हातचं मला कुठून जमणार?"

आजी गुडघा चोळत राहिली.

"माझी मुलगी पाण्याला भ्यायची," ती म्हणाली. "बादली भरून वाहायला लागली तरी किंचाळायची. आणि नावेत? ती? या तळ्याच्या कडेनं चालायचं म्हटलं तर माझ्या दंडात नखं रुतवायची."

मावशीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"आणि... केकचं?"

"कसला केक? पहिल्या वाढदिवसाला पोरीला गोवर निघाला होता. दुसऱ्याला मी फोन केला, तर म्हणते कशी, 'आज काय आहे गं, आई?' विसरली होती! पोटच्या पोरीचा वाढदिवस! आणि तिसरा आला तेव्हा ती दवाखान्यात होती." आजी हसली, आणि हसता हसता तिनं पदराचं टोक नाकाला लावलं. "अशी होती. विसरभोळी. आळशी. तोंडाळ तर विचारू नकोस. पण माझी होती."

रांग पुढं सरकली. खारू टाचा उंचावून बाकाकडं बघत होती. मावशीनं हात हलवला. हात तिचाच होता, पण हलवला दुसऱ्याच कुणी तरी, असं तिला वाटलं. चार वर्षं जिच्या धाकात आपण नांदलो, जिच्यासाठी कपाटापाशी थांबलो, ती बाई नव्हतीच. पोरीनं ती बसल्या बसल्या केली होती. मुलं चिखलाची माणसं करतात, तशी. पडदे ओढून घेणारी, हात धरायला लावणारी. डोळे मिटून वाट बघितली की नक्की येणारी.

मावशीला हसूच आलं.

"मी सांगणार आहे तिला," आजी म्हणाली. "आजच. मेलेल्या माणसाला असं बदलू नये. पोरीनं नवी आई केली, आणि माझी पुसून टाकली. उद्या मी गेले की माझ्या लेकीला ओळखणारं कोण उरणार? ही नावेत बसणारी कोण बया आहे, ती?"

मावशीला काही बोलायचीही गरज नव्हती. आजीनं एवढं एकच वाक्य पोरीसमोर म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत घर मोकळं झालं असतं. पडदे उघडे राहिले असते. कपाट बिनदिक्कत उघडता आलं असतं. कदाचित, पुढं मागं, 'मावशी'चंही आणखी काही झालं असतं. या विचारासरशी तिनं आपले हात एकमेकांत घट्ट धरले, जणू काही सांडेल.

खारू तिकिटं नाचवत आली आणि दोन पावलांवर थांबली. आधी तिनं आजीकडं बघितलं, मग मावशीकडं.

"काय झालं?"

मावशीनं बाकावर सरकून तिला जागा केली.

"आजी," खारू म्हणाली. तिच्या आवाजात नेहमीचा हुकूम नव्हता. तिकिटाचा कोपरा ती नखानं सोलत होती. "आई नावेत बसायची ना? पुढं? पुढची जागा तिची होती ना?"

आजीनं तोंड उघडलं.

"बसायची तर," मावशी म्हणाली. "पुढंच बसायची."

खारू गर्रकन वळली. "तुला काय माहीत? तू कुठं होतीस?"

"नव्हते गं. पण तिच्या घरात राहते ना मी. कळतं."

आजीनं मावशीकडं असं बघितलं, जणू सकाळपासून पहिल्यांदाच ही बाई तिला दिसली. मग ती गुडघ्यावर भार देऊन उठली. "चला," म्हणाली. "उन्हं उतरतील."

नावाडी तोंडाचा फटकळ होता. त्यानं आजीला हात देऊन आत घेतलं, तशी नाव हेलकावली आणि आजी त्याच्या बाहीला लोंबकळली. तिचे ओठ पांढरे पडले होते. पाण्याची भीती लेकीला कुठून आली होती, हे मावशीला तेव्हा कळलं.

"अहो आजी, तळं आहे, समुद्र नाही. फार तर गुडघे भिजतील." त्यानं तिला मागच्या फळीवर बसवलं, शेजारी खारू बसली. मावशी नेहमीसारखी तिच्या पलीकडं दाटीवाटीनं बसायला गेली, तर तो ओरडला. "छे छे! मागं सगळा बाजार आणि पुढं शुकशुकाट. तोंड वर येईल नावेचं. एक जण पुढं या."

"पुढची जागा रिकामी ठेवतात," खारू म्हणाली. "दर वर्षी ठेवतो आम्ही."

"दर वर्षी आजी नव्हत्या."

"म्हणजे मी जड म्हणायची," आजी पांढऱ्या ओठांनी म्हणाली.

"वजनदार म्हटलं, आजी. मान दिला."

खारू हसली नाही. ती पुढच्या फळीकडं बघत होती. फळीवर कुणाची तरी ओली पावलं वाळत आली होती, आधीच्या फेरीतल्या कुठल्या तरी पोराची. नावाडी वल्हं हातात घेऊन थांबला होता. मागच्या रांगेतली माणसं कुरकुरू लागली.

"मावशी, तू बस," खारू शेवटी म्हणाली.

"मी?"

"मग कोण? आजीला भीती वाटते."

मावशी नावाड्याला ओलांडून पुढं गेली आणि बसली. या फळीवर आजवर तिनं साधी पिशवीसुद्धा ठेवली नव्हती. फळी उन्हानं तापलेली होती. बसताना तिनं नकळत अंग चोरलं, शेजारच्याला जागा द्यावी तसं. समोर आता कुणी नव्हतं, नुसतं पाणी होतं. मागं त्या दोघी, मधे नावाड्याची रुंद पाठ. नाव काठापासून सुटली. पोरांचा गलका मागं पडत गेला, आणि वल्ह्यांचा आवाज तेवढा राहिला.

आता, मावशीला वाटलं. आता सांगेल.

"खारू," मागून आजीचा आवाज आला. तो इतका हळू होता की वल्ह्याच्या दोन आवाजांच्या मधे जेमतेम मावला. "आणखी काय करायची गं ती?"

"सांग की," आजी म्हणाली. भुकेल्या माणसानं ताटाकडं न बघता घास मागावा, तसं. "मला नाही माहीत ते. सांग."

"ताप आला की," खारूनं चाचरत सुरुवात केली, "पायाशी बसायची. सगळ्यांच्या आया डोक्याशी बसतात. ती पायाशी. तळवे चोळत."

मावशीची मान ताठ झाली.

"रात्रभर?"

"रात्रभर. झोप लागू नये म्हणून पाढे म्हणायची. हळूच. तिला वाटायचं मी झोपलेय. सतराचा आला की अडकायची. मग परत सतरा एके सतरापासून."

ते गेल्या थंडीतलं होतं. घरात दोघीच होत्या. पोरीचा श्वास संथ झाला होता, डोळे मिटलेले होते. आपली ती पाढ्यांची फजिती या जगात कुणी ऐकलेली नाही, अशी मावशीची खात्री होती.

तिनं मागं वळायचं म्हटलं असतं तर वळता आलं असतं. नावाड्याच्या खांद्यावरून खारूचं तोंड दिसलं असतं. पोरीला हे कळत होतं की नव्हतं, तेही एका नजरेत कळलं असतं.

"सतराचा?" आजीनं विचारलं.

"हो. कितीदा चुकली तरी सोडायची नाही."

वल्हं पाण्यात पडलं आणि वर आलं. आजीनं नाक ओढल्याचा आवाज आला.

"अशीच होती," आजी म्हणाली. "पाढ्यांत कच्ची, पण हट्टी." आणि मग, थोड्या घाईनं, "मग? आणखी?"

मावशीनं मान वळवली नाही. दोन्ही हातांनी नावेचे काठ धरून ती समोरच्या पाण्याकडं बघत बसली, आणि मागं खारू सांगत राहिली.