निरभ्र आश्विन

भाद्रपद सरला आणि महानगरावरचे आकाश बाळंतिणीसारखे रिते, फिकट, थकलेले झाले. मेघांचे श्यामल कळप कुठे पांगत होते, कुठे पुन्हा जमत होते. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या इमारतींवरचे शेवाळ वाळून तपकिरी झाले होते; आणि त्या भिंतींवर आश्विनाचे कोवळे ऊन, आत यावे की परतावे अशा नवख्या पाहुण्याच्या संकोचाने, तिरपे टेकले होते.

या किनाऱ्यावर शरद हा फसवा ऋतू. सकाळी स्फटिकासारखा स्वच्छ, दुपारी तापल्या तव्यासारखा, आणि सायंकाळी कुठूनसा एक घनगंभीर मेघ यावा, सारे झोडपावे आणि निघून जावे. जाणारा पाऊस जाता जाता एकदा वळून पाहतो, असे कोळी म्हणत. त्याच्या त्या वळून पाहण्यात होड्या बुडतात.

ते वळून पाहणे आधी ओळखणे, हे मोरेश्वर नवलकरांचे काम होते.

वेधशाळेतल्या एका उंच खिडकीच्या खोलीत ते बसत. किनारपट्टीच्या शरदातला हवामान-अंदाज त्यांच्या लेखणीतून उतरे, वर्तमानपत्रांत छापला जाई, रेडिओवरून घरोघर वाचला जाई. मितभाषी, ताठ कण्याचा, इस्त्रीच्या घडीसारखा माणूस. बोललेला शब्द त्यांनी कधी मागे घेतला नव्हता. आणि शब्द मागे न घेणे म्हणजेच खरे बोलणे, अशी त्यांची हळूहळू समजूत झाली होती.

त्या वर्षी दक्षिणेकडे, दूर समुद्रात, कमी दाबाचा पट्टा जन्मला. नवलकरांनी लिहिले: आठवडाभर वादळी वारे, गडगडाटासह पाऊस, समुद्र खवळलेला राहील.

शहराने ऐकले. कोळ्यांनी होड्या वाळूवर वर ओढल्या. नवरात्राच्या मंडपांना दुहेरी दोर पडले. आणि त्याच संध्याकाळी नवलकरांच्या दारात, खाऱ्या वाऱ्याने केस विस्कटलेला, सदानंद उभा राहिला.

सदानंद म्हणजे नवलकरांच्या पत्नीचा, द्वारकेचा, भाचा. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या करंजोळहून तो लाँचने आला होता.

"मावशी," उंबऱ्यातूनच तो म्हणाला, "आईनं अन्न सोडलंय. डॉक्टर म्हणतात, आता काही खरं नाही. शुद्धीवर आहे तोवर तुला बघायचंय तिला. सारखं 'धाकटी आली का' विचारते. उद्या सकाळी माझ्याबरोबर चल."

अंबूताई. द्वारकेची थोरली बहीण. आई गेली तेव्हा द्वारका इतकी लहान होती की आईचा चेहरा म्हणून तिला अंबूताईचाच चेहरा आठवे. वेणी घालणारे हात अंबूताईचे, तापात कपाळावर टेकलेला गाल अंबूताईचा. लग्न होऊन द्वारका निघाली तेव्हा लाँच सुटल्यावरही गुडघाभर पाण्यात उभी राहिलेली ती आकृतीही अंबूताईचीच.

"येते," द्वारका म्हणाली. "पिशवी भरायला कितीसा वेळ!"

"उद्या नाही," नवलकर म्हणाले. आवाज कठोर नव्हता. नुसता ठाम होता. "वारा बिघडणार आहे. या आठवड्यात समुद्रावर जायचं नाही."

"लाँच तर चालू आहेत, काका."

"आज आहेत. आठवडा सरू दे, मी स्वतः घेऊन येतो हिला."

दुसरी वाट नव्हती. पाठीच्या शस्त्रक्रियेपासून खाडीला वळसा घालून जाणाऱ्या एस.टी.चे धक्के द्वारकेला सोसत नसत. तिच्यासाठी माहेराची वाट म्हणजे पाणी. आणि त्या पाण्यावर आता तिच्या नवऱ्याच्या शब्दाचा पहारा बसला होता. पहाटे सदानंद एकटाच परतला.

तो दिवस मेघांचा होता. धुरकट, जडशीळ, गजगामी मेघ क्षितिजावरून आले, चार थेंब टाकून दाराशी थांबल्यासारखे थांबले. मंडपांची कापडे फडफडली. माणसाने ज्या आकाशाला भ्यावे, त्या आकाशाकडे नवलकर समाधानाने पाहत होते. द्वारका त्यांच्याकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडले ते नीलमण्यासारखे.

एक ढग नाही. ढगाची आठवणही नाही. समुद्र निजल्या मुलाच्या छातीसारखा संथ वरखाली होत होता आणि त्याच्यावर ऊन शिंपडल्यासारखे पसरले होते. मोतिया रंगाचे सुती पातळ नेसून, पिशवी भरून, द्वारका गॅलरीत उभी होती. पिशवीत खडीसाखर होती, गुलाबपाणी होते, आणि आजारी अंगाखाली घालायला जुन्या पातळांच्या मऊ घड्या होत्या.

"अहो, बघा तरी. आरशासारखं आहे सगळं."

"दिसतं तसं नसतं, द्वारका. संध्याकाळपर्यंत फिरेल."

"आणि नाही फिरलं तर?"

नवलकरांनी वाकून बुटाची नाडी बांधली. बांधलेलीच होती, सोडून पुन्हा बांधली.

दुपारी वेधशाळेत नवे नकाशे आले. तो पट्टा विरत चालला होता. किनाऱ्याकडे पाठ करून, पश्चिमेच्या अथांग रिकामपणात, कुणाचेही काही न बिघडवता तो निघाला होता.

शेजारच्या टेबलावरचे कर्णिक म्हणाले, "नवलकर, अंदाज बदलून टाकू या का? दुपारच्या बातम्यांना अजून वेळ आहे."

नवलकरांनी लेखणीचे टोपण काढले. खिडकीबाहेर निळे आकाश होते. निळे, निर्मळ, निर्दय आकाश. होड्या वर ओढणारे कोळी त्यांना आठवले, उद्या हसणारे शहर डोळ्यांपुढे आले, आणि सर्वांआधी आठवली गॅलरीतली ती मोतिया आकृती. शहराला सांगायचे तर आधी तिला सांगावे लागणार. आणि तिला सांगायचे तर मान खाली घालावी लागणार. दुपारची लाँच अजून सुटायची होती. हेही त्यांना ठाऊक होते.

"उद्यापर्यंत थांबू," ते म्हणाले, आणि टोपण लावले.

त्या दिवशीचा सूर्यास्त असा झाला की लोक रस्त्यात थांबून पाहत राहिले. कुंकुमवर्णी, केशरवर्णी, मग जांभूळवर्णी. नवलकर घरी आले तेव्हा पिशवी दाराशीच होती. द्वारकेने दिवा लावला, पान वाढले, पाण्याचा तांब्या ठेवला.

"अजून एक दिवस पाहू," ते म्हणाले.

"तुमचं आकाश तुम्ही पाहा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या लाँचने सदानंद आला. नवलकर कचेरीला निघण्याच्या बेतात होते. तो जिना चढून आला, आणि त्याच्या मंद पावलांवरूनच द्वारकेला कळले.

"आई गेली, मावशी. काल दिवस मावळताना. नेलंही काल रात्रीच."

द्वारका भिंतीला टेकली.

"शेवटी विचारत होती, लाँच लागली का. मी म्हटलं, लागली, मावशी येतेय. मग तिनं डोळे मिटले."

खाली रस्त्यावर कुणीतरी झेंडू विकत ओरडत होता. आणि, कसे कोण जाणे, सवयीने की भयाने, नवलकरांच्या ओठांतून शब्द निसटले:

"समुद्र... कसा होता?"

सदानंदने त्यांच्याकडे पाहिले.

"तेल ओतल्यासारखा होता, काका. आजही. कालही."

द्वारका रडली नाही. तिने पिशवी उचलली, गुलाबपाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली, खडीसाखर ठेवली. आता ते कुणाला द्यायचे नव्हते. नुसत्या मऊ घड्या राहू दिल्या. मग चपला पायांत घातल्या.

"मी येतो," नवलकर म्हणाले.

"यायचं तर या. पण चढता-उतरताना मला हात देऊ नका."

धक्क्यावर चहाच्या टपरीत रेडिओ लागला होता. किनारपट्टीवर हवामान कोरडे राहील, आकाश निरभ्र राहील, समुद्र शांत राहील, असे एक आवाज गोड संथपणे सांगत होता. कर्णिकांनी सकाळीच अंदाज बदलला होता.

"आता सांगतायत!" बाकावरचा एक उतारू हसला. "तीन दिवस घरात कोंडून घातलं आम्हाला."

सगळे हसले. नवलकर पाण्याकडे पाहत उभे राहिले. द्वारकेने एकदाच वळून त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर त्यांना बरे वाटले असते.

लाँच सुटली. पाणी इतके निश्चल की ते चिरत जाताना रेशीम फाटल्याचा आवाज यावा. पांढरे पक्षी तरंगत होते. मध्यावर नवलकर उठून द्वारकेशेजारच्या रिकाम्या जागेपाशी आले.

"मी त्या दिवशी जे लिहिलं, ते समजून-उमजूनच लिहिलं होतं," ते हळूच म्हणाले. "खोटं नव्हतं ते."

"त्या दिवशी नव्हतं," द्वारका म्हणाली. "आणि काल?"

तिला नकाशांचे काही ठाऊक नव्हते. तिला नवरा ठाऊक होता. नवलकर तसेच उभे राहिले, आणि ती जागा रिकामीच राहिली.

करंजोळला माड स्तब्ध होते. घरात शिरताना कुणी आक्रोश केला नाही; रडणे कालच होऊन गेले होते. सदानंदची बायको बाहेर आली, द्वारकेच्या गळ्यात पडली, आणि मग अपराधी स्वरात म्हणाली, "ऊन चांगलं पडलंय, म्हणून गादी बाहेर काढली हो, मावशी."

अंगणात, बाजेवर, अंबूताईची गादी उन्हात टाकली होती. धुवट खोळीची, पातळ झालेली, जुन्या कापसाची गादी. तिच्या मधोमध एक लांबट, उथळ खळगा पडला होता. जिथे एक कृश देह कुशीवर वळून दरवाजाकडे पाहत पडून राहिला होता, तिथे.

द्वारका बाजेपाशी बसली. आणलेल्या मऊ घड्यांपैकी एक तिने त्या खळग्यात पसरली, वरून तळहात फिरवला. कापूस ऊबदार होता, अंगासारखा ऊबदार. फाटकाशी नवलकर उभे होते, आणि त्यांना कुणी आत या म्हटले नाही.

आकाशात ढग नव्हता. वारा नव्हता. आश्विनाचे सोनेरी, नितळ, निरपराध ऊन त्या खळग्यात काठोकाठ भरत राहिले, भरत राहिले, भरत राहिले.